नणंदेच्या रेघेवरचं टिंब

नाचाच्या शाळेतल्या पियानोवर मावशी एकतीस वर्षं बसत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर सुरांचं लिहिलेलं पान नाही असं एकदाही झालं नव्हतं. पियानोच्या फळीवर पान ताठ उभं असायचं, मावशी चष्मा नाकावर सारून त्याच्याकडे रोखून बघायच्या आणि वेळ झाली की उजव्या हाताने झटक्यात ते उलटायच्या. त्या उलटण्यात असा काही रुबाब होता की पोरींना सोडायला आलेल्या आया दारातच थबकायच्या. एकच गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. त्या पानावरचं एक टिंबसुद्धा मावशींना वाचता येत नव्हतं.

त्या इथे आल्या होत्या फरशी पुसायला. एक दिवस पियानो वाजवणारा माणूस आलाच नाही. पंधरा पोरी भिंतीच्या दांडीला धरून ताटकळलेल्या आणि शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाई कपाळाला हात लावून बसलेल्या. मावशींनी फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि तासाला वाजायचं ते सगळं जसंच्या तसं वाजवून दाखवलं. चार वर्षं पुसता पुसता कानावर पडत होतं, ते बोटांत उतरायला किती वेळ लागणार? फावल्या वेळात, दार लोटून, बोटं तेवढी बसवून घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून बादली दुसऱ्या बाईकडे गेली आणि मावशी स्टुलावर चढल्या.

नवीन चाल बसवायची असली की मोठ्या बाई आधी ती गुणगुणायच्या. एकदा गुणगुणलं की मावशींना पुरायचं. मोठ्या बाईंना खरं काय ते माहीत होतं की नव्हतं, हे मावशींनी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. दोघींनी ते झाकण तसंच राहू दिलं.

मग मोठ्या बाईंचे गुडघे गेले. त्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि नव्या बाई आल्या. वय असेल तीस. पाठ सरळ, बोलणं मऊ, आणि गुणगुणायची सवय अजिबात नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळीवर एक नवं पान ठेवलं आणि पोरींकडे वळल्या. मावशींनी ठेवणीतली युक्ती काढली. जरा म्हणून दाखवा, म्हणजे कुठल्या चालीत हवंय ते कळेल, असं त्या म्हणाल्या. नव्या बाई हसून म्हणाल्या, चाल वर लिहिलीच आहे की.

आता माघार कसली घ्यायची? मावशींनी जुन्या चालींपैकी एक, नव्या बाईंनी ऐकलेली नसेल अशी, दणक्यात वाजवायला घेतली. पोरी नाचल्या. अर्ध्यावर आल्यावर मावशींनी नेहमीच्या रुबाबात पान उलटलं आणि डोळे बारीक करून पुढचं वाजवू लागल्या.

पानाची मागची बाजू कोरी होती.

त्यांना ते कळायला चार ठोके लागले. तोवर नव्या बाई पियानोच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. पोरींसमोर त्या काही बोलल्या नाहीत. तास संपल्यावर, दार लावून, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, मागे काही नव्हतं."

ओरडल्या असत्या तर मावशींनी चार शब्द परत दिले असते. पण हा मऊपणा होता. नव्या बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. पुढच्या सत्रापासून दर आठवड्याला नवी पानं येणार, तेव्हा ते सगळं स्पीकरवर लावता येईल, मावशींचं इतक्या वर्षांचं काम कुणी विसरणार नाही, त्यांनी आता विश्रांती घ्यावी. विश्रांती या शब्दाला मावशींचं टाळकं फिरलं. त्यांच्या माहितीत विश्रांती घेतलेली माणसं फोटोत गेली होती.

"सत्र सुरू व्हायला किती दिवस आहेत?"

"तीन महिने."

"मग तीन महिन्यांनी मी कधी न बघितलेलं पान ठेवा माझ्यासमोर. वाजवलं तर स्टूल माझं. नाही वाजवलं तर तुमचा स्पीकर मी स्वतः पुसून देईन."

नव्या बाई बरं म्हणाल्या.

घरी सांगायचं कसं, ही खरी अडचण. मावशींची सून औषधाच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिने त्याचा जरा जरी तोरा मिरवला की मावशी म्हणायच्या, तू एका रेघेवरचं वाचतेस, मी एका वेळी पाच रेघांवरचे सूर वाचते. हे त्या बारा वर्षं म्हणत आल्या होत्या. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईला घरात मिरवायला दुसरं होतं काय? बसच्या पाट्या आणि दुकानांची नावं एवढीच अक्षरं त्यांना लागायची, तीही ओठ हलवून.

तेव्हा मावशींनी मान वर न करता सांगितलं की जरा उजळणी करायची आहे, फोनमध्ये तसलं काही मिळत असेल तर घालून दे. सुनेने दोन मिनिटांत एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात एक पिवळा पक्षी होता. पाच रेघांवर टिंबं यायची, आपण घरातल्या पेटीवर वाजवायचं, फोन ते ऐकायचा आणि बरोबर असलं की पक्षी पंख आपटायचा. ही पेटी म्हणजे नाचाच्या शाळेने टाकून दिलेला विजेवरचा जुना कीबोर्ड. त्याच्या दोन पट्ट्या टवका उडालेल्या. पक्ष्याचं नाव मावशींनी पहिल्याच दिवशी चोंबडा ठेवलं, कारण चुकलं की तो मान वाकडी करून बघायचा.

दहा दिवसांत मावशी चौदाव्या पायरीवर पोचल्या. शंभरात अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, परत अठ्ठ्याण्णव. चोंबड्याने सोन्याची पिसं दिली. मावशी जेवताना फोन ताटाशेजारी मांडून ठेवायच्या, म्हणजे मुलाला आणि सुनेला ती पिसं दिसावीत. यात काय एवढं अवघड आहे, म्हणायच्या, उगाच लोक वर्षं घालवतात.

एका दुपारी सून सुट्टीवर होती आणि कपड्यांच्या घड्या घालत पलंगावर बसली होती. मावशी वाजवत होत्या. सून तीन धडे बघत राहिली. मग चादरीची घडी मांडीवर तशीच ठेवून म्हणाली,

"आई, तुम्ही डोळे मिटून वाचता?"

मावशींनी डोळे उघडले. अ‍ॅपच्या कोपऱ्यात कानाचं चित्र होतं. ते दाबलं की तो धडा आधी वाजून दाखवायचा. मावशी दर वेळी ते दाबत होत्या, एकदा ऐकत होत्या आणि डोळे मिटून वाजवत होत्या. चोंबड्याला ते कळत नव्हतं, सुनेला कळलं. चौदा पायऱ्या चढून मावशी होत्या तिथेच होत्या.

त्यांनी सुनेला घड्या नीट घाल म्हणून सुनावलं आणि दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी मुलाला सांगायच्या, तुझ्या बायकोला म्हणावं मीठ दे. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन मजल्यांच्या मधे अडकायची त्याला सवय होती, तो मुकाट्याने मीठ पुढे सरकवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून डबा भरत असताना मावशी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघत एका दमात सगळं बोलून टाकलं. बादली, फडकं, गुणगुणणं, कोरं पान, तीन महिने. बारा वर्षांची ती पाच रेघांची बढाईसुद्धा. सून आता टोमणा मारणार म्हणून त्यांनी आधीच एक उलटा टोमणा जिभेवर तयार ठेवला होता. तो वाया गेला. सून म्हणाली, मलाही दुकानाच्या मालकांनी असंच पकडलं होतं.

दुकानात नवीन असताना ती चिठ्ठी अर्धीच वाचायची. समोरचा माणूस खोकला की खोकल्याचं औषध, पोट धरून उभा असला की पोटाचं. नऊदा बरोबर यायचं. दहाव्या वेळी मालकांनी बाटली हातातून काढून घेतली आणि तिला महिनाभर आतल्या खोलीत बसवलं. माणूस दिसायचा नाही, खोकला ऐकू यायचा नाही, नुसत्या चिठ्ठ्या आत यायच्या.

"लिहिलंय तेच द्यायचं, आई. शंका आली तर विचारायचं, पण आपल्या मनाने बदलायचं नाही. तुमचा कान फार हुशार आहे. त्याला आधी आतल्या खोलीत बसवा."

"म्हणजे कानात बोळे घालू?"

सुनेने पेटीच्या आवाजाची खुंटी पार शेवटपर्यंत फिरवून बंद केली. मुलाने संध्याकाळी एक वायर आणून पेटी आणि फोन जोडून दिले, म्हणजे आवाज नसला तरी कुठली पट्टी दाबली ते फोनला कळावं. कानाचं चित्र बंद झालं. चौदाव्या पायरीवरून मावशी पहिल्या पायरीवर आल्या. सोन्याची पिसं गेली.

आणि मग घरात रोज दुपारी तीन ते पाच नुसती टक टक ऐकू येऊ लागली. सूर नाही, काही नाही, लाकडावर नखं वाजावीत तशी टक टक. पहिल्या दिवशी शंभरात अकरा आले. मावशींना असं वाटलं की कुणी डोळे बांधून अंगणात सोडलंय. बोट पट्टीवर पडायचं आणि काय झालं ते कळायचं नाही. हिरवं दिसलं की बरोबर, लाल दिसलं की चूक. एकतीस वर्षं ज्या कानाच्या जिवावर भाकरी खाल्ली, तो बिचारा कोपऱ्यात बसून वाट बघत होता.

टिंबांची नावं त्यांच्या डोक्यात राहीनात. एक सूर दुसऱ्यासारखाच दिसायचा. चौथ्या दिवशी त्यांनी अ‍ॅपची नावं बाजूला टाकली आणि रेघांना आपली नावं दिली. सगळ्यात खालची रेघ सासू, कारण तिने कधी जागा सोडली नाही. तिच्यावर थोरली जाऊ, मग मधली जाऊ, चौथ्या रेघेवर मावशी स्वतः, धाकटी सून. आणि सगळ्यांच्या वर, लग्न होऊन गेली तरी डोक्यावर बसलेली, नणंद. मधल्या चार फटींत चार पुरुष, दोन-दोन बायकांमध्ये चेंगरलेले. वरच्या फटीत, धाकटीच्या आणि नणंदेच्या मधे, मावशींचे मालक. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांची जागा अगदी तीच होती, बायको आणि बहीण यांच्या मधे, दोघींचं ऐकून घेत.

डाव्या हाताच्या पाच रेघा म्हणजे माहेर. तिथली माणसं त्रास देणारी नव्हती, पण ओळखायला वेळ लागायचा, माहेर सुटून पन्नास वर्षं होत आली होती. आणि सासर-माहेराच्या बरोबर मधे जे एकटं टिंब छोट्याशा रेघेवर बसतं, तो उंबरा.

यानंतर टिंब दिसलं की माणूस दिसू लागला. पहिल्या महिन्याच्या शेवटी मावशी एका हाताला साठावर पोचल्या. दोन्ही हात एकत्र आल्यावर परत सतरावर घसरल्या. मुलगा एकदा लवकर घरी आला, टक टक ऐकून चुकचुकला आणि पेटीचा घसा बसला वाटतं म्हणत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. मावशींनी त्याला तसाच हात धरून बाहेर काढला. त्यांना सगळ्यात जड गेलं ते न थांबणं. अ‍ॅप वाजवलेलं पुसत पुसत पुढे जायचं, चुकलेलं परत दाखवायचंच नाही. आणि मावशींचा स्वभाव असा की कुणाची एक चूक सापडली की ती वर्षभर उगाळायची. स्वतःची चूक सोडून पुढे जायचं, हे त्यांना सहासष्टाव्या वर्षी एक पिवळा पक्षी शिकवत होता.

सातव्या आठवड्यात गाडी एकोणसाठावर अडकली, ती हलेना. आठ दिवस एकोणसाठ. रेघा एकमेकींत मिसळायच्या, धाकटी आणि नणंद एकाच जागी बसल्यासारख्या दिसायच्या, आणि तसं तर आयुष्यात कधी झालं नव्हतं. तेव्हा मावशींच्या लक्षात आलं की हा डोक्याचा दोष नाही. त्यांचा चष्मा सुईत दोरा ओवायच्या अंतराचा होता आणि पेटीवर टेकवलेला फोन, शाळेतल्या पानासारखाच, होता हातभर लांब. एकतीस वर्षं पान वाचायचंच नव्हतं, मग चष्म्याची चौकशी करतो कोण? त्यांनी स्टुलावर बसून डोळ्यापासून पानापर्यंत सुतळी धरली, तेवढी कापली आणि ती घेऊन चष्म्याच्या दुकानात गेल्या. चष्मेवाल्याने जवळचं बघायचंय की लांबचं, असं विचारलं. मावशींनी सुतळी काउंटरवर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, एवढंच. पुढचं नको आणि मागचं नको.

नवा चष्मा आला त्या आठवड्यात त्र्याहत्तर आले. मग एकोणऐंशी. शेवटच्या आठवड्यात त्यांनी रोज नवे दहा धडे घेतले, प्रत्येक धडा एकदाच, आणि शेवटच्या दिवशी शहाऐंशी आले. सून म्हणाली, आता तरी एकदा आवाज लावून बघा. मावशी नाही म्हणाल्या. कानाला लाडावून ठेवलं की तो परत डोक्यावर बसेल.

सत्राच्या पहिल्या दिवशी त्या नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेल्या. पियानो स्वतः पुसला. कोपऱ्यात काळा स्पीकर आणून ठेवलेला होता. त्याच्यावरची धूळ त्यांनी बघितली आणि राहू दिली. पोरी आल्या, दांडीला रांग लागली. नव्या बाईंनी एक पान फळीवर ठेवलं. छापलेलं नव्हतं, त्यांनी स्वतः हाताने उतरवलेलं होतं, पोरींना सोपं जावं म्हणून जरा बदलून. म्हणजे कुणी कुठे ऐकलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता. हवं तर एक मिनिट बघून घ्या, त्या म्हणाल्या.

मावशींनी मिनिटभर बघितलं. ओठ हलले. सासू कुठे, उंबरा कुठे, माहेरची कोण कोण आली आहेत, काळ्या पट्टीची खूण कुठे आहे. मग मान हलवली आणि सुरुवात केली.

तीन महिन्यांनी त्या पहिल्यांदाच स्वतः वाचलेलं ऐकत होत्या. पहिल्या ओळीला आवाज आला आणि तो पानावर होता तसाच आला. दुसऱ्या ओळीत पोरींनी उड्या घेतल्या. मावशींची नजर बोटांच्या पुढे दोन पावलं चालत होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटाला चाल उतरून विसावणार, हे कानाने कोपऱ्यातून ओरडून सांगितलं. इथे मालक येणार, वरच्या फटीतले, दुसरं कुणी शक्यच नाही. बोट तिकडे निघालंही होतं.

पण पानावर टिंब नणंदेवर होतं. रेघ त्याच्या बरोबर पोटातून गेलेली.

मावशींनी बोट फिरवलं आणि नणंदेवर टाकलं. मऊ भाताच्या घासात खडा लागावा तसा सूर वाजला. एक पोर उडीवरून वाकडी उतरली. नव्या बाईंच्या कपाळावर आठी पडली. मावशी थांबल्या नाहीत, मागे वळल्या नाहीत. तीच ओळ दुसऱ्यांदा आली. परत नणंद, परत खडा.

नव्या बाईंनी हात वर केला. पियानोजवळ येऊन त्या परत त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, तिसऱ्या ओळीला चुकतंय."

"चुकतंय खरं," मावशी म्हणाल्या. "माझ्याही कानाला बोचलं. विचारणारच होते मी. तिथे आमचे हे असायला हवेत, पण तुम्ही नणंद लिहिली आहे. लिहिलंय तेच मी वाजवणार."

"कोण नणंद?"

मावशींनी वाकून पानावर बोट ठेवलं. एकेक रेघ खालून वर मोजली, सासूपासून नणंदेपर्यंत, मोठ्याने, नावानिशी. दांडीजवळच्या पोरी फिसकन हसल्या. नव्या बाई हसल्या नाहीत. त्या पानावर झुकल्या आणि रेघा स्वतः खालून वर मोजल्या. टिंब खरंच रेघेवर होतं. उतरवताना त्यांचाच हात केसभर वर गेला होता.

त्यांनी केसांत खोचलेली पेन्सिल काढली, टिंब खोडलं आणि खालच्या फटीत नवं काढलं. मग पेन्सिल तशीच हातात धरून त्या मावशींकडे वळल्या. कानाने वाजवणारं कुणीही तिथे बरोबर सूर वाजवून मोकळं झालं असतं. ही चूक फक्त वाचणाराच करू शकत होता.

"मावशी," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज मऊ नव्हता, नेहमीचा होता, कामातल्या माणसाशी बोलायचा. "पहिल्यापासून घ्या. आणि पुढचं मागच्या बाजूला आहे."

मावशींनी पोरींना दांडी नीट धरायला सांगितलं, चष्मा सारखा केला आणि पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्या ओळीच्या शेवटाला मालक आपल्या जागी येऊन बसले. नणंद गप्प राहिली. संध्याकाळी सुनेला सांगायचं होतं की तुझ्या दुकानाच्या मालकांना अक्कल आहे हो, आणि हे एवढं एक वाक्य गोड न होऊ देता कसं सांगावं, ते अजून जमत नव्हतं. पण आता त्याचा विचार करायला वेळ नव्हता. पान संपत आलं होतं.

त्यांनी उजव्या हाताने ते उलटलं. रुबाब होता तेवढाच होता, पण उलटल्यावर आधी नीट बघितलं. मागे वरपासून खालपर्यंत लिहिलेलं होतं.